तिकिटांची चढ्या भावाने पुनर्विक्री: गुन्हा नेमका कधी होतो?

शर्तवाचक

कार्यक्रम हाउसफुल्ल झाला की दर वेळी तोच वाद सुरू होतो. एक म्हणतो, ब्लॅक ते ब्लॅक, सरळ आत टाका. दुसरा म्हणतो, तिकीट माझं, पैसे माझे, वाटेल त्या भावाला विकीन. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे, आणि कुठलं अर्धं ते देशागणिक बदलतं.

जास्त भाव घेतला एवढ्यावरच गुन्हा होतो असं बहुतेक लोक धरून चालतात. प्रत्यक्षात कायदा आधी वेगळेच प्रश्न विचारतो. तिकीट मिळवलं कसं? विकणारा एकदाच विकतोय की त्याचा धंदाच आहे? विकताना काय सांगितलं आणि काय दडवलं? मूळ खरेदीच्या अटींत काय होतं? भावाचा प्रश्न काही देशांत येतो, काहींत येतच नाही.

ज्याला ज्या देशाचं ठाऊक आहे त्याने कायद्याचं नाव, वर्ष, शक्य तर कलम द्यावं. ‘सगळे मिळालेले आहेत’ छापाचे प्रतिसाद कृपया इथे नकोत.

कलमबहाद्दर

मुळापासून घेऊ. तिकीट विकत घेतलं म्हणजे खुर्ची विकत घेतली असं नाही. ठरावीक वेळी ठरावीक जागेत शिरायची परवानगी तेवढी मिळते. ब्रिटिश पठडीच्या कायद्यात हे फार जुनं आहे. १८४५च्या ‘वुड विरुद्ध लेडबिटर’ खटल्यात डॉनकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतीतून तिकीटधारकाला बाहेर काढलं होतं, आणि कोर्टाने सांगितलं की ही परवानगी मालक काढून घेऊ शकतो. १९१५च्या ‘हर्स्ट विरुद्ध पिक्चर थिएटर्स’मध्ये ती धार बरीच बोथट झाली: पैसे भरून शांतपणे बसलेल्या प्रेक्षकाला विनाकारण उठवलं तर भरपाई द्यावी लागेल.

भारतात हा विषय १८८२च्या ईझमेंट्स ॲक्टमध्ये (दुसऱ्याची जागा वापरण्याच्या हक्कांचा कायदा) येतो आणि तिथलं कलम ५६ फारसं कुणी वाचत नाही. एरवी अशी परवानगी दुसऱ्याला देता येत नाही, पण सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्याची परवानगी देता येते, असं त्यात सरळ लिहिलंय. फक्त त्याआधी एक ‘जर’ आहे: वेगळा हेतू व्यक्त केलेला नसेल किंवा परिस्थितीवरून उघड दिसत नसेल तर.

तिसरी_घंटा

म्हणजे भारतात विकायला मोकळीक आहे असंच ना?

कलमबहाद्दर

त्या ‘जर’मध्येच सगळं अडकलंय. आजकाल जवळपास प्रत्येक ऑनलाइन तिकिटाच्या अटींत ‘हस्तांतर व पुनर्विक्री करता येणार नाही’ असं वाक्य असतं. तो झाला वेगळा हेतू. मग तिकीट विकणं हा कराराचा भंग. त्याचा परिणाम म्हणजे तिकीट रद्द, खातं बंद, परतावा नाही. पण नुसता करारभंग म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे, आणि चर्चेत नेमकी इथेच गल्लत होते.

फौजदारी बाजू अशी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२मध्ये किरकोळ संघटित गुन्ह्यांच्या यादीत ‘तिकिटांची अनधिकृत विक्री’ स्पष्ट नमूद आहे. शिक्षा किमान १ वर्ष, कमाल ७ वर्षं, वर दंड. मात्र आरोपी एखाद्या गटाचा किंवा टोळीचा सदस्य असावा लागतो, तो कलमाचा कणा आहे. एकट्या माणसाने उरलेलं एक तिकीट विकलं तर ते या कलमात बसवणं अवघड. ‘अनधिकृत’ म्हणजे काय याची व्याख्याही कलमात नाही.

दुसरं कलम ३१८, फसवणूक. नसलेलं तिकीट विकणं, एकच तिकीट चौघांना विकणं, बनावट तिकीट खपवणं, हे सगळं इथे येतं. भाव किती लावला याच्याशी त्याचा संबंध नाही. छापील किमतीला बनावट तिकीट विकलं तरी फसवणूकच.

कार्यक्रमाच्या तिकिटाच्या पुनर्विक्रीच्या भावावर मर्यादा घालणारा देशभराचा कायदा मात्र नाही. मुंबई उच्च न्यायालयात याविषयी जनहित याचिका झाली होती, ती जानेवारी २०२५मध्ये फेटाळली गेली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की नियम करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम. रेल्वेचं उदाहरण देऊन कुणी वाद घालणार असेल तर आधीच सांगतो, ते प्रकरण १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३खाली येतं. नाटकाच्या किंवा मॅचच्या तिकिटाला ते लागत नाही.

आकडेमोड

भावाची मर्यादा असलेले देश मी घेतो.

नॉर्वेत २००७पासून मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकायला बंदी. डेन्मार्कमध्येही मूळ किमतीच्या वर नाही. बेल्जियमचा २०१३चा कायदा दोन पातळ्यांवर चालतो: नियमित पुनर्विक्री आयोजकाच्या संमतीशिवाय बंद, मग भाव काहीही असो, आणि एखाद्या वेळी विकणाऱ्याने मूळ किमतीवर जायचं नाही.

आयर्लंडचा २०२१चा कायदा अंमलबजावणीच्या दृष्टीने नेटका आहे. १,००० किंवा त्याहून जास्त क्षमतेची ठिकाणं आणि ठरावीक कार्यक्रम आधी ‘नियुक्त’ केले जातात. त्यांची तिकिटं मूळ किमतीच्या वर विकणं गुन्हा. वरच्या कोर्टात खटला चालला तर १,००,००० युरोपर्यंत दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिकीट ज्या कार्यक्रमाचं आहे तो नियुक्त यादीत बसतो का, हे न बघता लोक तक्रार करतात आणि मग ती पुढे सरकत नाही.

ऑस्ट्रेलियात राज्यागणिक कायदे, पण १० टक्के हा आकडा बऱ्याच ठिकाणी सारखा. न्यू साउथ वेल्समध्ये १ जून २०१८पासून मूळ किमतीच्या वर जास्तीत जास्त १० टक्के, तेही व्यवहाराचा खर्च म्हणून. १००चं तिकीट ११०ला, त्यापुढे नाही. शिवाय जाहिरातीत मूळ किंमत आणि जागेचा तपशील, म्हणजे रांग वगैरे, द्यावाच लागतो. व्हिक्टोरियात मात्र ही मर्यादा सरकारने खास घोषित केलेल्या मोठ्या कार्यक्रमांनाच. त्यामुळे एकाच कलाकाराच्या दौऱ्यात एका शहरातल्या कार्यक्रमाला मर्यादा लागू आणि दुसऱ्या शहरात नाही, असं होऊ शकतं.

शर्तवाचक

यात जपान वेगळं काढायला हवं. तिथला कायदा डिसेंबर २०१८मध्ये झाला आणि १४ जून २०१९पासून लागू झाला. तो सगळ्या तिकिटांना लागत नाही, ‘विशिष्ट’ तिकिटांनाच लागतो. त्यासाठी आयोजकाने विकताना खरेदीदाराचं नाव आणि संपर्क तपासलेला हवा, संमतीशिवाय सशुल्क हस्तांतर करता येणार नाही हे तिकिटावर लिहिलेलं हवं, आणि तारीख व ठिकाणासोबत प्रवेश घेणारी व्यक्ती किंवा आसन ठरलेलं हवं. यातली एक अट राहिली की कायद्याचं संरक्षण गेलं.

गुन्हा कधी? संमतीशिवाय, धंदा म्हणून, मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकलं तर. तशा विक्रीसाठी तिकिटं गोळा करणंही गुन्हा. शिक्षा १ वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला ही रचना पटते. आयोजकाला सांगितलंय की तुला काळाबाजार थांबवायचा असेल तर आधी तू तुझं काम कर.

उलटतपासणी

पटण्यासारखी आहे, पण मर्यादांचा इतिहास काही फार उजळ नाही. न्यूयॉर्कने नाटकाच्या तिकिटावर ५० सेंटपेक्षा जास्त नफा घ्यायला बंदी घातली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७च्या ‘टायसन विरुद्ध बॅन्टन’मध्ये ती रद्द केली. पुढे काळ बदलला, १९६५मध्ये तसलीच मर्यादा त्याच न्यायालयाने टिकू दिली. आणि मग २००७मध्ये न्यूयॉर्कनेच पुनर्विक्रीच्या भावावरची मर्यादा उठवली! कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात २०१७च्या कायद्यात ५० टक्क्यांची मर्यादा होती. १ जुलै २०१८ला ती लागू व्हायची होती, त्याआधीच नव्या सरकारने स्थगित केली आणि पुढच्या वर्षी काढूनच टाकली.

कारण सरळ आहे. मर्यादा घातली की विक्री संकेतस्थळावरून उठून मेसेजच्या ग्रुपमध्ये जाते. तिथे ना परताव्याची हमी, ना विक्रेत्याचा पत्ता.

आकडेमोड

कायदा फक्त विकणाऱ्या माणसामागे धावतो तिथे असंच होतं. संकेतस्थळाला जबाबदार धरलं की चित्र बदलतं. मूळ किंमत न टाकता जाहिरात चढवताच येत नसेल आणि मर्यादेवरचा आकडा फॉर्मच स्वीकारत नसेल, तर ठोक विक्रेत्याचा धंदा बसतो. त्याला एका कार्यक्रमाची शेकडो तिकिटं काढायची असतात. ग्रुपमध्ये एकेक गिऱ्हाईक शोधत बसणं त्याला परवडत नाही. उरतात ते फुटकळ ठग, आणि ते मर्यादा नसतानाही होतेच.

ब्रिटनही त्याच दिशेने निघालंय. नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या सरकारने मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने पुनर्विक्री बेकायदा करण्याची घोषणा केली. नुसत्या घोषणेने कायदा होत नाही, हे वाचताना लक्षात ठेवा.

शर्तवाचक

ब्रिटनमध्ये आधीपासून जे आहे तेही कमी नाही. फुटबॉलचं प्रकरण सर्वांत कडक. १९९४च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम १६६खाली ठरावीक सामन्यांची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हाच गुन्हा, मग छापील किमतीला विका नाहीतर कमी भावाने. कारण नफेखोरी नव्हे, दोन संघांचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून मारामाऱ्या होऊ नयेत हे. ‘पेन विकतोय, तिकीट सोबत फुकट’ ही जुनी पळवाटही त्यात बुजवली आहे: दुसऱ्या वस्तूचे पैसे घेऊन तिकीट देणं म्हणजे तिकीट विकणंच.

बाकी कार्यक्रमांसाठी २०१५चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट. कलम ९०प्रमाणे संकेतस्थळावर पुन्हा विकताना छापील किंमत, जागा आणि तिकिटावरचे निर्बंध सांगावे लागतात. कलम ९१ उलट बाजूचं आहे आणि मला ते जास्त रोचक वाटतं: निव्वळ पुन्हा विकायला काढलं म्हणून आयोजक तिकीट रद्द करू शकत नाही, जोवर तशी अट मूळ करारात स्पष्ट आणि न्याय्य स्वरूपात नव्हती.

फेब्रुवारी २०२०मध्ये लीड्सच्या कोर्टात दोन ठोक विक्रेत्यांना कैद झाली, ४ वर्षं आणि अडीच वर्षं. आरोप होता फसवणुकीने व्यापार केल्याचा. अनेक नावांनी, अनेक कार्डांनी खरेदीची मर्यादा ओलांडणं आणि हातात नसलेली तिकिटं आधीच विकायला काढणं, या मुद्द्यांवर ते अडकले. २०२१मध्ये अपिलातही शिक्षा टिकली. भाव किती चढवला हा खटल्याचा पाया नव्हता.

यंत्रमागे

बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी आपोआप तिकिटं काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. खिडकी उघडल्यावर काही मिनिटांत तिकिटं संपतात त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि कायदा तिन्हींना सारखा लागत नाही.

एक, खरोखरची गर्दी. यात बेकायदा काही नाही.

दोन, खात्यांचा ढीग. शेकडो ईमेल, वेगवेगळी कार्डं, वेगवेगळे आयपी पत्ते. ‘प्रत्येकी ४ तिकिटं’ ही मर्यादा खात्याला असते, माणसाला नाही, त्यामुळे एकच माणूस ४००सुद्धा उचलतो.

तीन, तिकिटं अडवून ठेवणं. तिकीट निवडलं की पैसे भरायला काही मिनिटं मिळतात. सॉफ्टवेअर तेवढा वेळ तिकीट धरून ठेवतं, वेळ संपली की सोडतं आणि क्षणात दुसऱ्या खात्यातून पुन्हा धरतं. तोवर तेच तिकीट दुसरीकडे चढ्या भावाने विकायला टाकलेलं असतं. गिऱ्हाईक मिळालं तरच पैसे भरायचे, भांडवल शून्य. नकाशात राखाडी झालेल्या खुर्च्या मधूनच पुन्हा हिरव्या होताना दिसतात, त्यामागे बरेचदा हे असतं. म्हणूनच ‘सोल्ड आउट’ दिसल्यावरही थोड्या थोड्या वेळाने पाहत राहावं.

कायद्यांचं बोलायचं तर अमेरिकेचा बॉट्स ॲक्ट डिसेंबर २०१६चा. नावावर जाऊ नका, तो फक्त सॉफ्टवेअरवर नाही. खरेदीची मर्यादा राखायला लावलेली कुठलीही तांत्रिक अडवणूक चुकवणं आणि तशी मिळवलेली तिकिटं जाणूनबुजून विकणं, दोन्ही त्यात येतं. पहिली कारवाई व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं: तीन विक्रेते, मिळून ३ कोटी १० लाख डॉलरचा दंड, त्यांची ऐपत पाहून प्रत्यक्ष वसुली ३७ लाख डॉलरची. ब्रिटनने जुलै २०१८पासून बॉट वापरणं गुन्हा केलं. युरोपीय संघात मर्यादा चुकवून स्वयंचलित साधनांनी घेतलेली तिकिटं ग्राहकाला विकणं ही मे २०२२पासून अनुचित व्यापारी प्रथा आहे. दक्षिण कोरियाने मार्च २०२४पासून मॅक्रोने (ठरलेल्या क्रिया आपोआप करणाऱ्या आज्ञावलीने) घेतलेल्या तिकिटांच्या विक्रीवर बंदी आणली. तैवानने २०२३मध्ये चढ्या भावाच्या विक्रीला छापील किमतीच्या १० ते ५० पट दंड ठेवला आणि बॉटने तिकिटं घेण्याला ३ वर्षांपर्यंत कैद.

उलटतपासणी

अंमलबजावणी कठीण कुठे होते तेही सांगा.

यंत्रमागे

पुराव्यात. सर्व्हरच्या नोंदी विक्री करणाऱ्या कंपनीकडे असतात आणि तिची सगळी तिकिटं खपलेली असतात, मग धावपळ कोण करणार? पुनर्विक्रीचं दुकानही तिचंच असेल तर दोनदा शुल्क मिळतं. बॉट बंदीचे कायदे कागदावर भक्कम आणि कारवाया थोड्या, याचं मुख्य कारण हेच.

गेटवरून

घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. गेटवर तिकीट ‘आधीच वापरलेलं’ दाखवतं तेव्हा काय झालेलं असतं?

पीडीएफ किंवा स्क्रीनशॉटवरचा कोड स्थिर असतो. तो दहा जणांना पाठवता येतो, दहाही प्रती अस्सलच दिसतात. यंत्र पहिल्या स्कॅनला आत सोडतं, बाकी नऊ बाहेर. रांगेत तुम्ही लवकर पोचलात तर तुम्ही आत आणि दुसरा बिचारा बाहेर. म्हणून ‘व्हिडिओ कॉलवर तिकीट दाखवतो’ याला काडीचीही किंमत नाही.

ॲपमधला हलता कोड दर काही सेकंदांनी बदलतो. त्याचा स्क्रीनशॉट निरुपयोगी. असं तिकीट अधिकृत ट्रान्स्फरनेच घ्यायचं: विकणारा ॲपमधून तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर किंवा नंबरवर पाठवतो, तुम्ही स्वीकारता, त्याच्याकडचा कोड मरतो, तुमच्याकडे नवा तयार होतो. तो तुमच्या खात्यात दिसेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ‘ट्रान्स्फर कार्यक्रमाच्या दिवशी उघडेल’ हे काही वेळा खरंही असतं, आयोजक मुद्दाम उशिरा उघडतात. ते विकणाऱ्याच्या तोंडून न ऐकता आयोजकाच्या पानावर तपासा.

नावाचं तिकीट असेल तर कोड चालूनही ओळखपत्रावर अडतं. इटलीत १ जुलै २०१९पासून ५,०००च्या वर क्षमतेच्या ठिकाणी नावाची तिकिटं सक्तीची आहेत. नाव बदलून घ्यायची अधिकृत सोय असते, शुल्क भरून. ती न करता घेतलेलं तिकीट म्हणजे कागद.

सवलतीच्या तिकिटांचाही घोळ असतो. लहान मुलांचं किंवा विद्यार्थ्यांचं तिकीट पूर्ण भावाने खपवतात, गेटवर फरक भरावा लागतो किंवा परत फिरावं लागतं.

तिसरी_घंटा

आणि सरळमार्गी माणसाकडे एखादं तिकीट उरलं तर? ऐन वेळी सोबतचं कुणी आजारी पडतं, एवढंच.

कलमबहाद्दर

आधी अटींत ‘हस्तांतर’ आणि ‘पुनर्विक्री’ वेगवेगळे आहेत का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी हस्तांतराला मुभा आणि पुनर्विक्रीला बंदी असते. मग आयोजकाची परत घेण्याची किंवा अदलाबदलीची खिडकी आहे का ते. असेल तर तीच वापरा, पैसे थोडे कापले गेले तरी. नसेल तर ओळखीच्या माणसाला तेवढ्याच पैशात, अधिकृत ट्रान्स्फरने. ‘तेवढ्याच’मध्ये बुकिंगचं शुल्क धरायचं की नाही हे कायद्यागणिक बदलतं, म्हणून मूळ पावती जोडा आणि आकडा तिच्याबाहेर नेऊ नका.

कोड दिसेल असा तिकिटाचा फोटो कुठेही टाकू नका. विकायच्या आधीच तिकीट चोरीला जाईल.

फ्रान्समध्ये एखाद्या वेळी विकणाऱ्याला कायदा सोडतो. २०१२पासून तिथल्या दंडसंहितेच्या कलम ३१३-६-२मध्ये संमतीशिवाय ‘सवयीने’ विकणं हा गुन्हा आहे, दंड १५,००० युरो, पुन्हा केलं तर ३०,०००. बेल्जियममध्ये तोच माणूस एका तिकिटावर नफा घेऊन अडकू शकतो.

गेटवरून

फसलेल्यांसाठी पुराव्याचं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट पत्त्यासकट, विक्रेत्याशी झालेलं पूर्ण संभाषण (कापाकापी न करता), पैसे दिल्याचा व्यवहार क्रमांक, आणि गेटवर तिकीट नाकारल्याची वेळ व कारण. हे शेवटचं जवळपास सगळे विसरतात. गेटवरच्या मदत कक्षातून लेखी घ्या, निदान त्यांच्या स्क्रीनचा फोटो तरी. ते नसेल तर ‘ग्राहक आलाच नाही’ असं विक्रेता म्हणतो आणि बँकेकडचा दावा पडतो. कार्डाने पैसे दिले असतील तर सेवा न मिळाल्याचा दावा करायला साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँकेला लगेच कळवलेलं बरं. थेट खात्यात पाठवलेल्या पैशाला हे संरक्षण नाही. तिथे पोलिसांच्या सायबर विभागाकडे तासाभरात गेलात तर रक्कम गोठण्याची आशा.

उलटतपासणी

एक राहिलं. आयोजक स्वतःच मागणी पाहून भाव चढवतो तेव्हा? या धाग्यातला एकही कायदा त्याला लागत नाही. पहिली विक्री ती पहिली विक्री. तिथे प्रश्न येतो तो पारदर्शकतेचा. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०२५मध्ये आक्षेप घेतला तो असाच: ‘प्लॅटिनम’ नावाने साधारण अडीचपट भावाने विकलेल्या तिकिटांत जादा काही मिळत नव्हतं, आणि ते नीट सांगितलेलं नव्हतं. अमेरिकेत मे २०२५पासून सगळी सक्तीची शुल्कं धरूनची किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते. भाव कितीही असो, शेवटच्या पानावर वाढायला नको.

आकडेमोड

आणि धर्मादाय लिलाव? एखाद्या निधीसाठी तिकीट चढ्या बोलीने विकलं तर?

शर्तवाचक

आयर्लंडच्या कायद्यात नोंदणीकृत धर्मादाय संस्थांच्या निधीसंकलनाला सूट आहे. भारतीय कलम ११२मध्ये अशी सूट लिहिलेली नाही, पण तिथे मुळात टोळीच दाखवावी लागते. बाकी ठिकाणी आयोजकाची लेखी संमती घ्या आणि लिलावाच्या जाहिरातीतच मूळ किंमत छापा.

तिसरी_घंटा

संमती मागायला पत्र कुणाला लिहायचं, तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाला की कार्यक्रम करणाऱ्याला?

कलमबहाद्दर

कार्यक्रम करणाऱ्याला, प्रत संकेतस्थळाला. अटी बहुधा त्याच्या नावाने असतात. पत्रात आसन क्रमांक आणि बुकिंग क्रमांक द्या, बारकोड नको.